व्हिक्टोरियन राजघराण्यातली प्रेमकथा कशी लिहावी: आधी परवानगी, मग प्रेम

या प्रकारच्या ज्या कथा माझ्याकडे वाचायला येतात, त्यांतल्या बहुतेक एकाच पानावर सुरू होतात. झुंबरं लखलखतायत, नायिका जिना उतरतेय, राजपुत्राची नजर तिच्यावर खिळते आणि दोघं नाचायला लागतात. तिसऱ्या प्रकरणात तो मागणी घालतो, चौथ्यात दुष्ट काकू आडवी येते, दहाव्यात लग्न. मधल्या प्रकरणांत काय भरायचं ते सुचत नाही, म्हणून नायिकेला दोनदा ताप येतो आणि एकदा घोडा उधळतो.

चूक कल्पनाशक्तीची नाही, क्रमाची आहे. आधी नाच लिहायचा, मग माणसं ठरवायची आणि शेवटी अडचण शोधत बसायचं, असा उलटा प्रवास होतो. खरं तर इथे अडचण शोधावी लागतच नाही. ती इंग्लंडच्या कायद्यात, दरबाराच्या वेळापत्रकात आणि संबोधनांच्या नियमांत तयार पडलेली आहे. दुष्ट काकूला सुट्टी द्या आणि पहिलं वाक्य लिहिण्याआधी एवढंच ठरवा: या लग्नाला ‘हो’ कुणी म्हणायचं आहे, आणि ‘नाही’ म्हटलं तर काय होतं?

पुढचा क्रम मी स्वतः वापरते. टप्पे उलटसुलट करू नका, निदान पहिले तीन तरी.

## टप्पा १: नेमकं साल ठरवा

‘व्हिक्टोरियन काळ’ हे साल नव्हे. व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी गादीवर आली आणि २२ जानेवारी १९०१ रोजी गेली. एवढ्या साडेत्रेसष्ट वर्षांत पत्र पाठवण्यापासून घागऱ्याच्या घेरापर्यंत सगळं बदललं. माझ्या पहिल्या कथेत मी १८४५ सालच्या नायिकेला पोलादी कड्यांच्या पिंजऱ्यावरचा घेरदार झगा घातला होता. दरवाजातून आत येताना तो अडकतो, नायक हसतो, तिथे प्रेम सुरू होतं. एका वाचक आजींनी पोस्टकार्डावर दोनच ओळी लिहून कळवलं की तो पिंजरा १८५६ नंतरचा. त्याआधी एकावर एक परकर चढवायचे. परकर दरवाजात अडकत नाहीत. माझी प्रेमकथा उंबरठ्यावरच संपली.

कामापुरते तीन तुकडे पाडा.

१८३७ ते १८४०: राणी तरुण, अविवाहित. पहिली अडीच वर्षं राजघराण्यातलं सगळ्यात मोठं लग्न तिचंच.

१८४० ते १८६१: राणीचा नवरा अल्बर्ट याचा काळ. मुलं, रेल्वे, १८५१ चं क्रिस्टल पॅलेसचं प्रदर्शन. दरबार शिस्तीचा, पण जिवंत.

१८६१ ते १९०१: अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसरला वारला. राणीने पुढची जवळजवळ चाळीस वर्षं काळे कपडे घातले. तुमचा राजपुत्र या काळातला असेल, तर त्याच्या प्रेमात एक काळ्या कपड्यातली आई किंवा आजी कायम बसलेली आहे.

साल ठरलं की तीन गोष्टी लगेच पडताळा.

पत्र: १० जानेवारी १८४० पासून एका पेनीत पत्र जाऊ लागलं. त्याआधी टपालखर्च साधारणपणे पत्र घेणारा भरायचा, तोही कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर. म्हणजे १८३८ सालच्या गरीब नायिकेला प्रेमपत्र आलं, तर आधी पैसे मोजावे लागणार! म्हणूनच लोक एकाच कागदावर आडवं लिहून पुन्हा उभं लिहायचे. उमराव आणि खासदार यांना मात्र सही करून फुकट पत्र पाठवायची सवलत होती, तीही १८४० मध्ये गेली. या एका तपशिलावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

प्रवास: राणीने पहिला रेल्वेप्रवास १३ जून १८४२ रोजी विंडसरजवळच्या स्लाऊहून लंडनच्या पॅडिंग्टनपर्यंत केला. विंडसरला स्वतःचं स्टेशन १८४९ मध्ये झालं. त्याआधीच्या नायकाला थेट विंडसरहून लंडनला ‘पुढच्या गाडीने’ आणू नका. निदान स्लाऊपर्यंत तरी घोडागाडीने आणा.

दरबार कुठे आहे: बकिंगहॅम पॅलेस, विंडसर, वाइट बेटावरचं ऑस्बर्न आणि स्कॉटलंडमधलं बॅल्मोरल. ऑस्बर्न १८४५ मध्ये घेतलं, बॅल्मोरलला राणी १८४८ पासून जाऊ लागली. शरद ऋतूत दरबार बहुधा स्कॉटलंडमध्ये असायचा. ऑक्टोबर १८५८ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्ये राणीसमोर नाच ठेवला असेल, तर खोडा.

> तपासा: एका चिठ्ठीवर साल, महिना, राणीचं वय आणि दरबाराचं ठिकाण लिहून समोर चिकटवा. राणीचा जन्म २४ मे १८१९, वय काढणं सोपं आहे.

## टप्पा २: ‘राजघराण्यातला’ म्हणजे नेमका कोण?

इथे मराठी लेखक हमखास घसरतात, कारण आपल्या डोक्यात राजा, सरदार, इनामदार अशी उतरंड असते आणि ड्यूक म्हटलं की आपण त्याला राजा करून टाकतो. साधा ड्यूक राजघराण्यातला नसतो. तो कितीही श्रीमंत असला तरी राणीचा प्रजाजन. त्याला ‘युअर ग्रेस’ म्हणतात. केंब्रिजचा ड्यूक मात्र राणीचा सख्खा चुलतभाऊ. तो ‘युअर रॉयल हायनेस’. दोघांच्या लग्नाचे नियम वेगळे, म्हणून दोघांची कथाही वेगळी.

नाव आणि पदवी यांचा गोंधळही इथेच मिटवा. ड्यूकच्या धाकट्या मुलाला ‘लॉर्ड’ आणि पुढे पहिलं नाव लागतं: लॉर्ड जेम्स. ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल (उमरावांच्या वरच्या तीन पायऱ्या, याच क्रमाने) यांच्या मुलीला ‘लेडी’ आणि पहिलं नाव: लेडी एलिनर. ‘सर’च्या बायकोला लेडी आणि आडनाव. एकाच प्रकरणात नायिका कधी ‘लेडी एलिनर’ आणि कधी ‘लेडी हार्टली’ झाली, तर जाणकार वाचकाला दोन बायका दिसतात.

आता नात्यांकडे. इंग्रजी संदर्भ वाचताना ‘कझिन’ आणि ‘अंकल’ एवढंच हाती लागतं आणि आपण भाषांतरात ‘चुलतभाऊ’, ‘काका’ ठोकून देतो. वंशावळ काढा. व्हिक्टोरियाची आई आणि अल्बर्टचे वडील ही सख्खी भावंडं. म्हणजे अल्बर्ट तिचा मामेभाऊ, ती त्याची आतेबहीण. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड तिचा मामा आणि याचा काका. हे कळलं की मराठी वाचकाच्या डोक्यात लगेच घंटी वाजते: आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, इथे मात्र मुलाने आत्याची मुलगी केली! इंग्रजीला न परवडणारी ही अचूकता आपल्याला फुकट मिळते. वापरा.

> सावधान: ‘राजा अल्बर्ट’ असं कधीही लिहू नका. तो राजा झाला नाही. ‘प्रिन्स कन्सॉर्ट’ (राणीचा नवरा म्हणून) ही पदवीसुद्धा त्याला लग्नानंतर सतरा वर्षांनी, १८५७ मध्ये मिळाली.

## टप्पा ३: संमतीचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माशी नेमकी कुठे शिंकते ते या टप्प्यावर ठरतं.

१७७२ चा राजविवाहांचा कायदा (तो २०१५ मध्ये रद्द झाला) सांगायचा की दुसऱ्या जॉर्ज राजाच्या वंशजाने राजा किंवा राणीच्या संमतीशिवाय लग्न केलं तर ते लग्नच नव्हे. परदेशी घराण्यांत दिलेल्या राजकन्यांची संतती तेवढी यातून सुटायची. असं लग्न लावणाऱ्यांना शिक्षेची तरतूदही होती, पण खरा फटका दुसराच. ते लग्न झालंच नाही असं धरलं जायचं. मुलं अनौरस. कायद्याला माहीत असलेल्या वाटा पाचच आहेत. एक निवडा.

पहिली: संमती मिळते. म्हणून कथा संपत नाही. राजकन्या लुईझने २१ मार्च १८७१ रोजी लॉर्नच्या मार्क्विसशी लग्न केलं. तो आर्गाइलच्या ड्यूकचा मुलगा, म्हणजे प्रजाजन. राणी राजी होती, पण लुईझच्या थोरल्या भावाला, प्रिन्स ऑफ वेल्सला, हे पटलं नव्हतं. बहीण आपल्याच प्रजेच्या घरी नांदायला जाणार, मग सणासमारंभात नवरा कुठे बसणार आणि ती कुठे? मानपानाचा प्रश्न मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी: संमती मिळत नाही, पण वय पंचवीसच्या वर आहे. ही वाट आपल्याकडे कुणी वापरलेली माझ्या पाहण्यात नाही, आणि तीच सगळ्यात रसाळ आहे. पंचविशी ओलांडलेला वंशज प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाला, सूचना देऊन बारा महिने थांबू शकत असे. त्या वर्षभरात पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी स्पष्ट विरोध केला नाही, तर त्याला लग्न करता येई. बारा महिने! प्रत्येक प्रकरण एक महिना. तेवढ्यात तिचं मन बदललं तर? वृत्तपत्रांना कळलं तर? घोडा उधळायची गरजच उरत नाही.

तिसरी: गुपचूप लग्न. पुढे केंब्रिजचा ड्यूक झालेल्या प्रिन्स जॉर्जने ८ जानेवारी १८४७ रोजी एका नटीशी चर्चमध्ये विधिवत लग्न केलं. संमती घेतली नव्हती, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते शून्य. हा माणूस पुढे ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती झाला, घरी मात्र त्याची बायको ‘मिसेस फिट्झजॉर्ज’ म्हणूनच राहिली आणि मुलांना ड्यूकपद मिळालं नाही. खलनायक कुणीच नाही. फक्त एक न मिळालेली सही.

चौथी: मुलगी कॅथलिक आहे. १७०१ च्या कायद्यानुसार कॅथलिकाशी लग्न करणारा गादीवरचा हक्क गमवायचा (हे बंधन २०१५ मध्ये उठलं). राणीचा नातू अल्बर्ट व्हिक्टर १८९० मध्ये फ्रेंच राजघराण्यातल्या एलेनच्या प्रेमात पडला तेव्हा नेमकं हेच आडवं आलं. ती धर्म बदलायला तयार होती. तिच्या वडिलांनी नकार दिला. अडवलं मुलीच्या बापाने, मुलाच्या आजीने नव्हे, हे लक्षात घ्या.

पाचवी: नायक जर्मन संस्थानिक आहे. तिकडे डाव्या हाताचं लग्न म्हणून एक प्रकार होता. लग्न वैध, पण कमी कुळातल्या बायकोला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना गादी नाही. इंग्लंडच्या कायद्यात असला मधला मार्ग नाही. इंग्लिश राजपुत्राकडून ‘आपण डाव्या हाताचं लग्न करू’ असं वदवून घेतलेली कथा मी तिथेच बाजूला ठेवते.

या पाचव्या वाटेला एक सुंदर फाटा आहे. राणीची धाकटी मुलगी बिअॅट्रिस बॅटनबर्गच्या हेन्रीच्या प्रेमात पडली. हेन्री अशाच डाव्या हाताच्या लग्नाचा मुलगा. राणीचा राग त्याच्या कुळावर नव्हताच. ही मुलगी तिला आपल्याजवळ हवी होती. काही महिने मायलेकी एका घरात राहून बोलत नव्हत्या, चिठ्ठ्या पाठवत होत्या. जेवणाचं टेबल तेच, समोरासमोर बसलेल्या दोघी, आणि ‘मीठ द्या’ म्हणायला मधे कागद. शेवटी राणी मानली ती एका अटीवर: जावयाने इथेच राहायचं. २३ जुलै १८८५ रोजी लग्न झालं आणि हेन्री रीतसर घरजावई झाला. दहा वर्षांनी कंटाळून आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला आणि जानेवारी १८९६ मध्ये तापाने वारला. ‘घरजावई’ हा एक शब्द वापरलात की इंग्रजीला पान लागेल तेवढा अर्थ तुमच्या वाचकाला मिळतो.

> सावधान: ‘पळून जाऊन स्कॉटलंडमध्ये किंवा रोममध्ये लग्न’ हा उपाय राजघराण्याला लागू पडत नाही. ससेक्सच्या ड्यूकने १७९३ मध्ये रोमला लग्न केलं होतं. त्याच्या मुलाचा वारसदावा १८४४ मध्ये पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, फेटाळला आणि हा कायदा परदेशातही पाठलाग करतो हे पक्कं झालं.

राणी स्वतःच नायिका असेल तर? तिला कुणाची संमती लागत नाही, पण तिला मागणीही कुणी घालू शकत नाही. १५ ऑक्टोबर १८३९, विंडसर, दुपारचे साडेबारा. वीस वर्षांच्या राणीने निरोप धाडून अल्बर्टला आपल्या खासगी खोलीत बोलावलं आणि तिनेच विचारलं. तो पाचच दिवसांपूर्वी विंडसरला पोहोचला होता. तिला मग २३ नोव्हेंबरला प्रिव्ही कौन्सिलसमोर, जमलेल्या बापयांपुढे, आपला निर्णय वाचून दाखवावा लागला. त्या वेळी तिच्या मनगटावर अल्बर्टचं चित्र असलेलं कडं होतं. प्रेमकथेसाठी मी हे दुसरं दृश्य निवडेन. पहिल्यात समोर फक्त अल्बर्ट होता. दुसऱ्यात तिला सगळ्यांपुढे कागद हातात धरून वाचायचं होतं.

> तपासा: एका वाक्यात लिहा: ‘या लग्नाला __ ची संमती लागते, ती न मिळाल्यास __ होईल.’ दोन्ही जागा भरता येत नसतील तर चौथ्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ४: पैसे

लहान टप्पा, पण गाळू नका. राजकन्येच्या लग्नात पार्लमेंट पैसे मंजूर करायचं आणि त्यावर उघड वाद व्हायचा. लुईझला ३०,००० पौंड एकरकमी आणि वर्षाला ६,००० पौंड मिळाले. अल्बर्टसाठी ५०,००० मागितले होते, पार्लमेंटने ३०,००० वर आणले. राजपुत्रसुद्धा पगार ठरताना अपमानित होतो, हे कथेत फार उपयोगी पडतं.

या रकमेला मराठीत ‘हुंडा’ म्हणण्याचा मोह होतो. टाळा. आपल्याकडे हुंडा मुलीचा बाप वरपक्षाला देतो आणि त्या शब्दाला जो वास आहे तो इथे नको. ‘पार्लमेंटने मंजूर केलेली रक्कम’ असं सरळ लिहा. खानदानी घरांत लग्नाआधी दोन्ही बाजूंचे वकील बसून करारपत्र करत, कारण १८७० आणि १८८२ चे कायदे येईपर्यंत बायकोची मिळकत बहुतांशी नवऱ्याच्या ताब्यात जायची.

हिशेबाला: १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. गिनी म्हणजे २१ शिलिंग. ‘शंभर पेन्सचा पौंड’ हा विसाव्या शतकातला.

## टप्पा ५: दोघं एकटी कधी भेटणार?

अविवाहित खानदानी मुलगी परक्या पुरुषासोबत बंद खोलीत एकटी बसत नाही. म्हणून एकांत चोरावा लागतो, आणि चोरलेला एकांतच वाचनीय असतो. घोड्यावरून रपेट, जिथे सोबतीण मागे पडते. पियानोवर एकत्र वाजवणं. चर्चमधून परतताना चालायची वाट. पावसामुळे गाडी थांबणं (हे एकदाच वापरा).

नाच हवाच असेल तर आता लिहा, टप्पा ५ मध्ये. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा हात बाईच्या कमरेला असतो, म्हणून अविवाहित व्हिक्टोरिया राजवंशाबाहेरच्या पुरुषासोबत तो नाचत नसे. १८३९ च्या मे महिन्यात रशियाचा युवराज अलेक्झांडर विंडसरला आला आणि तिच्यासोबत नाचला. त्याच्या प्रेमातच पडल्याचं तिने रोजनिशीत लिहिलं. पण तो एका गादीचा वारस, ती दुसऱ्या गादीची धनीण. दोघांपैकी कुणीही घर सोडू शकत नव्हतं. काही दिवसांत तो गेला. अख्खी कथा तेवढीच, आणि ती एका नाचात मावते.

दरबारात मुलीला पहिल्यांदा राणीपुढे नेण्याचा समारंभ बरेच जण रात्री, मेणबत्त्यांच्या उजेडात घडवतात. तो दुपारी असे. उतरता गळा, तोकड्या बाह्या आणि मागे तीन यार्डांहून लांब शेपूट, तेही भर उजेडात, थंडीत, रांगेत तासन्‌तास ताटकळत. डोक्यावर शहामृगाची पांढरी पिसं. राणीपुढे कर्ट्सी करायची (गुडघे वाकवून मुजरा), हाताचं चुंबन घ्यायचं आणि पाठ न वळवता मागे सरकत बाहेर पडायचं. शेपटात पाय अडकून पडण्याची भीती किती असेल, ते नऊवारी नेसून पहिल्यांदाच जिना उतरलेल्या मुलीला विचारा.

> सावधान: १८६३ नंतर अशा समारंभांत कित्येकदा राणीऐवजी तिची सून अलेक्झांड्रा उभी असे. प्रत्येक वेळी राणी दाखवू नका.

## टप्पा ६: संवाद

मराठीत या कथा इथे सगळ्यात जास्त बिघडतात. बटलर ड्यूकला म्हणतो, ‘आज्ञा शिरसावंद्य, महाराज!’ आणि क्षणात लंडन पुसून शनिवारवाडा उभा राहतो. बटलर एवढंच म्हणेल: ‘युअर ग्रेस, गाडी तयार आहे.’

राणीशी बोलताना पहिल्या उत्तरात ‘युअर मॅजेस्टी’, त्यानंतर ‘मॅम’. राजपुत्राला आधी ‘युअर रॉयल हायनेस’, पुढे ‘सर’. प्रत्येक वाक्यात पूर्ण पदवी घातली की संवाद भालदार-चोपदारांचा होतो. विषय राणीने काढायचा, समोरच्याने नाही. ती बस म्हणेपर्यंत उभं राहायचं.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. आपल्याकडे तीन: आपण, तुम्ही, तू. ही अडचण नसून ठेवा आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जवळीक नावात दिसायची. पदवी गळून पहिलं नाव तोंडी आलं की काहीतरी घडलंय हे दोघांनाही कळायचं. आपण तो क्षण नावात आणि सर्वनामात, असा दोन्हीकडे पकडू शकतो. जर्मन घराण्यांत तर ‘झी’ आणि ‘दू’ हा भेद आपल्या तुम्ही-तूसारखाच होता.

मी असं करते: सगळी प्रकरणं मांडून ‘तू’ पहिल्यांदा कुठे येणार त्या ओळीला खूण करते. त्याआधीच्या पानांत फक्त ‘आपण’ आणि ‘तुम्ही’. मग ती ओळ साधीच असली तरी चालते.

‘तुम्ही उद्या बॅल्मोरलला जाताय?’
‘हो.’
‘एलिनर, जाऊ नकोस.’

‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ लिहायची गरज उरली का?

> तपासा: फोनवर प्रकरणागणिक लिहिणाऱ्यांनी शोधसुविधेत ‘तुला’, ‘तुझ’ टाकून बघा. खुणेच्या आधी सापडला तर लेखकाचा हात घसरलाय, पात्राचा नाही.

## टप्पा ७: शोकाचे दिवस

राजघराण्यात सतत कुणी ना कुणी वारतं आणि दरबार शोकात जातो. आई-बापासाठी सुमारे वर्ष, विधवेला दोन वर्षं किंवा अधिक. आधी निस्तेज काळं कापड, मग करडा आणि फिकट जांभळा. याला ‘सुतक’ म्हणू नका. सुतक दिवसांत मोजतात आणि त्यात शिवाशीव असते. ‘शोक पाळणं’ पुरे.

शोकात लग्न कसं होतं ते बघायचं तर राजकन्या अॅलिसचं बघा. वडील डिसेंबरात गेले, लग्न १ जुलै १८६२ रोजी ऑस्बर्नच्या जेवणघरात, मोजक्या माणसांत. पांढरा वेष विधीपुरता. सोबत न्यायचे कपडे काळे. जेवणाच्या खोलीतून टेबल हलवून तिथे वेदी मांडली आहे, भिंतीवर बापाचं चित्र, आणि आई कोपऱ्यात पोरांच्या आडोशाला. यावर एक प्रकरण तरी लिहा, सजावट नको.

## टप्पा ८: लग्न

संध्याकाळी चर्चमध्ये मेणबत्त्या लावून लग्न लावू नका. साध्या उमरावांची लग्नं १८८६ पर्यंत सकाळी आठ ते दुपारी बारा याच वेळात व्हायची. वेगळ्या वेळेला कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना लागे. म्हणून नंतरच्या मेजवानीला ‘वेडिंग ब्रेकफास्ट’ म्हणतात. राजघराणं या बंधनाच्या बाहेर. व्हिक्टोरियाचं लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी दुपारी लागलं. पांढरा साटीनचा झगा, हॉनिटनची लेस, डोक्यावर नारंगीच्या फुलांचा गजरा. मुकुट नाही, हे विसरू नका.

## भारतीय पात्र आणायचं असेल तर

‘हिंदुस्थानी महाराजा आणि इंग्लिश राजकन्या’ हा मसाला नको. टप्पा ३ मध्येच मोडतो. खरं साहित्य वेगळं आहे. पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग १८५४ मध्ये इंग्लंडला आला. कूर्गची राजकन्या गौरम्मा त्याच्या आधी आली होती. १८५२ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा राणी तिची धर्ममाता होती. या दोघांनी लग्न करावं ही राणीची इच्छा. दोघांनीही केलं नाही. म्हणजे संमती आहे, वशिला आहे, नाही ते फक्त प्रेम. माझ्या टप्पा ३ ला याहून चांगला उलटा धडा सापडणार नाही.

मराठी डोळा हवा असेल तर कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्सला वारले. त्यांची त्या प्रवासातली इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये छापली गेली. लंडनच्या बैठकीत पहिल्यांदा शिरणाऱ्या तरुणाला काय दिसतं, यासाठी ती वाचा. आणि राणीचा मुलगा आर्थर, कॅनॉटचा ड्यूक, १८८६ ते १८९० मुंबई इलाख्याच्या सैन्याचा प्रमुख होता. त्या काळातली एखादी सहकथा पुण्यातही घडू शकते.

## शेवटची फेरी: कॅलेंडर

कथा पूर्ण झाली की जुन्या सालांचं कॅलेंडर उघडा आणि प्रत्येक तारखेचा वार काढा. रविवारी नाच नाही, रविवारी पत्त्यांचा डाव नाही. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, म्हणजे लेंटमध्ये, लग्न नाही. प्रिन्स ऑफ वेल्सचं लग्न १० मार्च १८६३ रोजी लागलं; मंगळवार होता आणि लेंट चालू होता. आर्चबिशपने हरकत घेतली, राणीने ती मोडून काढली. तुमच्या कथेतली तारीख लेंटमध्ये पडत असेल तर लगेच पुढे ढकलू नका. आधी बघा, तुमच्याकडे हरकत मोडून काढणारं कुणी आहे का.